बिनवासाचं घर

तिने हात कोपरापर्यंत इंजिनाच्या मागे घातला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं.

तिने हात तसाच ठेवला. एकदा बाहेर काढला असता, तर पुन्हा आत घालायची हिंमत झाली नसती.

"काय झालं?" गाडीखालून नवऱ्याचा आवाज आला.

"मऊ आहे काहीतरी."

"इंजिनात मऊ काही नसतं."

"आता आहे."

बॉनेटखाली ओणवा झालेला धाकटा दीर म्हणाला, "ओढा वहिनी, बिनधास्त ओढा. चावलंच, तर जिवंत आहे असं समजायचं."

तिने ओढलं. आधी चिंध्या आल्या, मग सीटच्या आतला पिवळा कापूस, मग कुणाचा तरी अर्धा मोजा आणि त्या सगळ्याच्या पोटात पुठ्ठ्यासारखा चपटा होऊन वाळलेला एक उंदीर. शेपटी तेवढी शाबूत होती. फरशीवर पडला तेव्हा टप्प असा आवाज झाला. तिच्या तळव्याला करड्या केसांचा पुंजका चिकटून राहिला.

"सापडला!" धाकट्याने पान्याने बॉनेट वाजवलं. "वहिनी, तुमचा वास सापडला! दादा, बाहेर ये, वहिनींचा वास सापडला!"

थोरला पाठीवर घसरत गाडीखालून बाहेर आला. भुवयांवर गंजाचा भुगा, ओठांवर गंजाचा भुगा. त्याने उंदराला शेपटीला धरून उचललं, निरखलं आणि मग त्या घरच्या रिवाजाप्रमाणे नाकाशी नेलं.

"मला काही येत नाही," तो म्हणाला. "पण तुला येत असेल."

"आण इकडे," पायरीवर बसलेल्या सासूबाईंनी हात पुढे केला. त्यांनीही नाक लावून पाहिलं, दोनदा. "याला कसला वास? सुकलेलं जनावर. पण असो, सूनबाईचं समाधान झालं ना? मिटलं मग."

तिने तळवा पोत्यावर पुसला. पुंजका पोत्याला चिकटला, पण तळव्यावरचा स्पर्श काही जाईना.

त्या घराचा धंदा सरसाचा होता. चामड्याचे तुकडे, खूर, शिंगं, हाडं, स्नायूंच्या दोऱ्या असं जे जे जनावर मागे ठेवून जातं ते सगळं मोठ्या कढयांत शिजवायचं, गाळायचं आणि वड्या पाडून लाकूड चिकटवायला सुतारांना विकायचं. घरामागेच कारखाना. तिकडून वारा सुटला की पोस्टमन पत्रं कुंपणावरून भिरकावून पळत सुटे. एकदा चोर आला होता, तो खिडकीतून अर्धा आत येऊन बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर आल्यावर त्यानेच हात जोडून पोलिसांना बोलवायची विनंती केली. माश्या तिथे जन्माला यायच्या हे खरं, पण मोठ्या झाल्या की त्या संसार दुसरीकडे थाटायच्या. यातलं थोडं कमीजास्त असेल, पण एक गोष्ट तंतोतंत खरी होती. त्या घरात वास कुणालाच येत नसे. दूध नासलं की ते जिभेला कळायचं. काही जळलं की डोळ्यांना. परक्या माणसाने नाकाला रुमाल लावला, की घरातली सगळी एका सुरात विचारायची, "वास? कसला वास?" इतर घरांत 'या, बसा' म्हणतात ना, तितक्या सहज.

अशा घरात ती चालतं नाक घेऊन लग्न करून आली होती.

कारखान्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. अंगावरचं कापड आणि ताटातलं अन्न त्या कढयांतूनच येतं, एवढं तिला कळत होतं. पहिलं वर्ष तिने तोंडाने श्वास घेत काढलं आणि मग तिला सवय झाली. तिची तक्रार फक्त गाडीबद्दल होती. गाडी सुरू झाली की आत एक आंबट, जळकट, डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा वास यायचा. डोकं ठणकायचं, मळमळायचं. पण त्या घरात वास हा शब्दच मुळात एकच होता. गाडीला वास येतो म्हणणं म्हणजे घराला वास येतो म्हणणं, आणि ते म्हणजे जेवत्या ताटात थुंकणं.

गाडी सासऱ्यांनी घेतलेली. खोक्यासारखी चौकोनी, पत्रा जाड, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. सासरे गेले तसे पुढच्या सीटवर सासूबाई बसू लागल्या. घरी त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, उशा बदलल्या. पण गाडीत बसून दुसरं वळण आलं, की हनुवटी छातीला टेकलीच.

"गाडी नव्हे ही, पाळणा आहे माझा," त्या सगळ्यांना सांगायच्या. "यांनी माझ्यासाठी मागे ठेवलेला."

मुलांना त्याचा कोण अभिमान! कुठे पोचल्यावर आईला हाका मारून, खांदे हलवून उठवावं लागलं, की दोघं एकमेकांकडे बघून हसायचे.

एकदा तिने फारच लावून धरलं, तेव्हा दोघा भावांनी रीतसर चौकशी केली होती. अंगणात गाडी सुरू ठेवली, चारी काचा वर चढवल्या आणि हाताची घडी घालून न्यायाधीशांसारखे आत बसले. बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

"काही नाही," थोरला म्हणाला होता.

"निव्वळ मनाचा खेळ," धाकट्याने दुजोरा दिला होता. त्या संध्याकाळी दोघांचीही डोकी दुखत होती. उन्हाने दुखतात म्हणून दोघांनी कांबळं ओढून घेतलं.

आणि मग तिच्या माहेरचा तो दिवस.

माहेर उंचावर होतं. शेवटचा चढ असा, की गाडी धापा टाकत, मध्ये थांबत, पुन्हा रेटत वर जायची. त्या दिवशी वर पोचल्यावर सासूबाई उठेचनात. दोघा मुलांनी हाताला धरून उतरवलं. चेहरा लालबुंद, बोलणं जड. डोकं दोन्ही हातांत धरून त्या पानावर बसल्या, चार घास खाल्ले आणि अंगणात जाऊन ओकल्या. तिची आई पहाटेपासून चुलीशी होती. हातातला डाव तसाच धरून ती दारात उभी राहिली.

"विहीणबाईंच्या हातचं मला बाधलं," परतताना सासूबाई म्हणाल्या, आणि तो घरचा निकाल झाला.

त्यानंतर आई फोनवर सगळं विचारायची. तब्येत, हवा, कारखाना. 'कधी येताय' तेवढं विचारायची नाही.

आता तिची धाकटी बहीण बाळंत झाली होती. सगळ्यांनी जायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "येईन मी. माणुसकी म्हणून येईन, बाळ बघेन. पण त्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही. एकदा अद्दल घडली, तेवढी पुरे." नात्यागोत्यातल्या सगळ्यांसमोर, मांडीवर बाळ घेऊन, समोर आलेला पेला बाजूला सारणाऱ्या सासूबाई तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागे दारात आई. तिच्या आईला ते दुसऱ्यांदा सोसलं नसतं.

धाकट्याला मात्र चिंता वेगळीच होती. गाडी चढावर धापा टाकते, ही. म्हणून त्याने हेडर आणलं होतं. इंजिनातला जळका धूर आधी एका ओबडधोबड ओतीव लोखंडी तुकड्यात जमायचा आणि तिथून मागच्या नळीत जायचा. हेडर म्हणजे त्या लोखंडाच्या जागी चार स्वतंत्र गुळगुळीत नळ्या. "चौघांना चार दारं," तो हात नाचवून सांगायचा. "कुणी कुणाच्या पायात येत नाही. इंजिन मोकळं, ताकद दुप्पट." खोक्यातून ते काढलं तेव्हा त्याने त्याला जावयासारखं चादरीवर ठेवलं होतं.

जुनं लोखंड निघता निघत नव्हतं. बाकी नट तेल पाजून, ठोकून, शिव्या घालून सुटले. शेवटचा एक नट पाठीमागे अशा सांदीत होता, की दोघा भावांचे पंजे तिथे शिरत नव्हते. कढया ढवळून ढवळून त्यांचे पंजे फावड्यांसारखे झाले होते. म्हणून तिला बोलावलं होतं.

"एकच नट, वहिनी. तुमचा हात बारीक."

"मघाशी उंदीर काढला तो याच हाताने."

"मग आता तर सवय झाली."

तिने पुन्हा हात घातला. तेल, गंज आणि जुनी धूळ मिळून तिथे एक काळा चिखल झाला होता. तो नखांत शिरला. पान्याचं तोंड तिने चाचपून नटावर बसवलं. नट थोडासा हलला की पाना काढायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा थोडंसं. गंजाचे कपचे गळ्यावर पडत होते, तिथून आत घसरत होते. खालून नवरा सूचना देत होता आणि वरून दीर, आणि दोघांच्या सूचना एकमेकींच्या उलट होत्या. तिने दोन्ही ऐकल्या नाहीत. नट सुटला.

"निघालं!" भावांनी ते अवजड धूड हिसके देऊन सुटं केलं आणि पोत्यावर ठेवलं. मधलं जुनं पॅकिंग चुरा होऊन सांडलं.

दोघं नव्या नळ्या आणायला वळले. ती वाकून रिकाम्या जागेत बघत राहिली.

इंजिन आणि पुढची सीट यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्यावर काजळी होती. पत्राभर नाही, एकाच जागी. हातपंख्यासारखी पसरलेली, बुडाशी अरुंद, वर रुंद. आणि त्या पंख्याच्या बरोबर मध्ये वायरी आत जाण्यासाठीचं भोक. त्याचं रबर कधीच विरघळून गेलं होतं. तिने भोकातून बोट घातलं, तर पलीकडे मऊ गालिचा लागला. जिथे सासूबाई पाय ठेवतात तो.

तिने पोत्यावरचं लोखंड उलटं केलं. पत्र्याच्या समोर येणाऱ्या बाजूला, शेवटच्या वळणावर, केसासारखी एक रेघ होती. वेडीवाकडी. तिच्या दोन्ही कडा काळ्याकुट्ट.

"अहो, जरा इकडे या."

दोघं आले. तिने बोट ठेवलं.

"ही भेग आहे. इथून धूर निघतो आणि त्या भोकातून आत जातो. तोच वास."

धाकट्याने मान तिरकी केली. "ओतकामाची रेघ आहे, वहिनी. साचा जुळतो तिथे येते अशी."

"ती सरळ असते. ही वाकडी आहे."

"ओतणारा वाकडा असेल."

"आणि हे काळं?"

"इंजिन आहे ते. काळंच असणार. गोरं इंजिन पाहिलंय कुणी?"

थोरला हसला नाही. तो उकिडवा बसला, ते धूड त्याने दोन्ही हातांनी उचललं आणि भेगेवर नाक टेकवलं. डोळे मिटून त्याने खोल श्वास घेतला. मग दुसऱ्या नाकपुडीने घेतला.

"कुठे आहे वास?"

धाकट्याने घेतलं. त्यानेही नाक टेकवलं. "काही नाही."

"बघू," सासूबाई म्हणाल्या. ते जड लोखंड पायरीपर्यंत गेलं. त्यांनी पदर सावरून वाकून हुंगलं. "लोखंडाला कसला गं वास?"

ती तिघांकडे बघत उभी राहिली. तिघांच्याही नाकाच्या शेंड्यावर काजळीचा एकेक गोल ठिपका उमटला होता. एकालाही दुसऱ्याचा दिसत नव्हता, किंवा दिसत असून त्यात काही विशेष वाटत नव्हतं. हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या ओलसर, फुरफुरणाऱ्या, स्वतःवर पूर्ण विश्वास असलेल्या नाकपुड्यांपुढे तो उंदीर तिला सोज्वळ वाटला.

"त्या दिवशी आईंना जे झालं, ते यानेच झालं," ती म्हणाली.

थोरल्याने लोखंड खाली ठेवलं. "खापर फोडायला तुला बाबांचीच गाडी मिळाली?"

"मी खापर फोडत नाहीये. दाखवतेय."

"सगळ्यांनी पाहिलं त्या दिवशी. जेवल्यावर झालं. गाडीत नाही झालं."

"जेवायच्या आधी त्यांना गाडीतून उतरवायला तुम्ही दोघं लागला होतात."

"गाढ झोपली होती ती."

"तेच म्हणतेय मी."

"तुला काय म्हणायचंय?" त्याचा आवाज चढला. "आईला सुखाची झोप लागते ती एका जागी. तेवढीही तुझ्या डोळ्यांत खुपते? तुझ्या आईचं मीठमसाल्याचं गणित चुकलं, तर ते चुकलं म्हण ना. आमच्याकडे नाक मुरडायचं, आमच्या गाडीकडे नाक मुरडायचं..."

"जाऊ दे रे," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या. "माहेर ते माहेर. तिला वाईट वाटणारच."

ती न्हाणीघरात गेली. साबण लावला, राख लावली, घासलेट लावलं. नखांतला काळा चिखल तसाच राहिला. आरशात तिने आधी स्वतःचं नाक बघितलं. स्वच्छ होतं.

परत आली तेव्हा भाऊ जुन्या पॅकिंगचे तुकडे जुळवत होते. धाकट्याचं म्हणणं होतं, की फटी बुजवायचं थोडं लुकण फासलं की तेच चालून जाईल.

"नवं घाला," ती म्हणाली.

"अहो वहिनी, कशाला..."

"आणि बसवायची जागा आधी खरवडून साफ करा. आणि ते भोक रबर घालून बुजवा."

थोरल्याने वर पाहिलं. "भोकाने काय होतं?"

"काहीच होत नाही ना? मग बुजवायला काय हरकत आहे? नाहीतर शेवटचा नट तुमच्या तुम्ही लावा."

दोघांनी आपापल्या पंजांकडे पाहिलं. धाकटा मुकाट्याने उठला आणि रबराचा तुकडा शोधायला गेला.

नव्या नळ्या सहजासहजी बसल्या नाहीत. जावई अडून बसला. वरून जाईना, मग गाडी उचलून खालून घातला. तिथे स्टिअरिंगच्या दांड्याला घासू लागला, मग इंजिनाखाली लाकडी फळी देऊन जॅकने इंजिनच थोडं उचललं. थोरल्याच्या अंगठ्याचं साल निघालं, ते त्याने तोंडात घालून चोखलं आणि त्याच तोंडाने नट धरला. तिने मान वळवली. शेवटी तिचा हात पुन्हा त्या सांदीत गेला आणि तिने शेवटचा नट आवळला. आधी अर्धवट, मग बाकीचे आवळल्यावर पुरता. मग पुन्हा एकदा, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या कुत्र्यांनी घरं बदलली. असा तो आवाज. पाठोपाठ नव्या नळ्यांवरचं तेल तापलं आणि बॉनेटखालून पांढरानिळा धूर निघाला. एवढा, की पलीकडच्या घरातली बाई वाळत घातलेले कपडे कवटाळून आत पळाली. दोघं भाऊ त्या धुरात कमरेवर हात ठेवून, छाती फुगवून उभे होते. धुरातून त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"बघ!" थोरल्याचा आवाज आला. "काही वास आहे का?"

ती कुंपणाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी होती. नाकावर कोपर दाबून.

जुनं लोखंड भंगारात द्यायला सासूबाईंनी नकार दिला. मालकांची वस्तू. ते मागच्या दाराला टेकण म्हणून ठेवलं गेलं.

बाळ बघायला जायचा दिवस उजाडला. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर बाळासाठी शिवलेल्या टोपड्याची पिशवी होती आणि तिच्याखाली स्वतःच्या पाण्याची बाटली. बाटली त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी उभी धरली होती. थोरला चालवायला, धाकटा आणि ती मागे. तिने सवयीने आपल्या बाजूची काच खाली केली.

"काच लाव गं, वारा लागतो," सासूबाई म्हणाल्या.

तिने चार बोटं उघडी ठेवली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिने श्वास घेतला, थांबून आणखी एक घेतला. पत्रा, जुनं रेक्झिन, सासूबाईंच्या केसांचं तेल, दोघा भावांच्या कपड्यांतला कढयांचा कायमचा दर्प. एवढंच.

"कसली धावतेय बघ!" धाकट्याने पुढे झुकून भावाच्या खांद्यावर थाप मारली. "म्हटलं नव्हतं? चौघांना चार दारं."

थोरला खुशीत गुणगुणू लागला. सासूबाईंनी नेहमीसारखी मान टेकवली, हात पोटावर ठेवले, डोळे मिटले. थोड्या वेळाने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"हे एवढं मोठं तळं कधी झालं इथे?"

"कुठलं?"

"हे काय, केवढं पसरलंय."

"अगं आई, ते कायमचंच आहे," धाकटा हसला. "तू झोपलेली असतेस ना."

"अस्सं." त्यांनी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा उघडले. "आणि ही विटांची भट्टी?"

"तीही कायमची."

"या बाजूला शाळा आहे होय? आणि एवढी पोरं?" त्या काचेला नाक लावून बघू लागल्या. मग सरळ बसून त्यांनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "झोपच येईना बाई आज. आवाजाने असेल."

"आवाज आहे खरा थोडा," धाकटा म्हणाला.

"नाही, आवाजाचं काही नाही. आवाजात मी जन्म काढलाय. कढयांच्या शेजारी झोपायचे मी." त्यांनी कपाळ चोळलं, मग बोटांकडे पाहिलं, जणू तिथे काहीतरी लागायला हवं होतं. "नेहमी कसं, इथवर आलं की डोकं छान जड व्हायचं. अंग सैल पडायचं. मग काही म्हणता काही कळायचं नाही. आज आपलं लख्ख."

थोरल्याचं गुणगुणणं थांबलं.

चढ सुरू झाला. गाडी गरजत वर निघाली, कुठेही न थांबता. सासूबाई ताठ बसून एकेक झाड, एकेक घर न्याहाळत होत्या. शेवटच्या वळणावर त्या ठामपणे म्हणाल्या,

"ही नवी नळी काही मला मानवली नाही. ते जुनंच बसवून टाका परत. दाराला लावलंय ना ते. झोप कशी छान लागायची त्याने."

धाकटा तोंड उघडून काहीतरी म्हणणार होता. त्याने आधी आईच्या मानेकडे पाहिलं, मग तिच्या पायांजवळच्या गालिच्याकडे आणि तोंड मिटलं. थोरल्याची नजर वरच्या आरशात आली. बायकोचा चेहरा तिथे सापडेना, म्हणून त्याने मान जरा वाकवली. ती बाहेर बघत होती. तिच्या नखांतला काळा चिखल अजून पुरता गेला नव्हता.

त्याने डाव्या हातात स्टिअरिंग धरलं आणि उजव्या हाताने आपल्या बाजूची काच फिरवून फिरवून खाली केली. अगदी तळापर्यंत.

"अरे, वारा लागतो," सासूबाई म्हणाल्या.

धाकट्याने आपलीही काच खाली केली.

"काच लावा रे, कान गार पडले माझे." त्यांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा मागे. काच कुणी लावली नाही. त्या घरात आईने सांगावं आणि कुणी हलू नये, असं आजवर घडलं नव्हतं. तिने आपल्या मांडीवरची शाल उचलली आणि मागून सासूबाईंच्या डोक्यावरून, कानांवरून नीट लपेटली. टोकं हनुवटीखाली खोचली.

सासूबाई शालीतून थोडा वेळ रस्ता बघत राहिल्या. वर माहेरचं घर दिसू लागलं. दारात कुणीतरी उभं होतं.

"या वाऱ्याने भूक लागली बाई मला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मांडीवरची पाण्याची बाटली त्यांनी पिशवीत आडवी करून ठेवली. मग मान अर्धवट मागे वळवली. "काय केलं असेल गं विहीणबाईंनी जेवायला?"

"मागच्या वेळी केलं होतं, तेच," ती म्हणाली.